रुग्ण कल्याण समितीवर नाव आलंय? मग वही घ्या आणि हे वाचा

गेल्या महिन्यात बाजूच्या गावातल्या एका मुलाचा फोन आला, "ताई, सरपंचांनी माझं नाव पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या समितीवर घातलंय, आता मी करायचं काय?" मला हसूच आलं, कारण सात वर्षांपूर्वी माझंही नाव असंच आलं होतं आणि मलाही कोणी काही सांगितलं नव्हतं. पहिल्या मीटिंगला गेले, बटाटावडा खाल्ला, चहा प्यायले, रजिस्टरवर सही केली, घरी आले. दुसऱ्या मीटिंगला पण तेच, फक्त वड्याच्या जागी समोसा. तिसऱ्या मीटिंगला मी हिंमत करून बोलले आणि काय बोलले तर "आपल्याकडे सोनोग्राफी मशीन पाहिजे." सगळ्यांनी माना डोलावल्या, ठराव झाला, पत्र गेलं, दोन वर्षं काही आलं नाही. नंतर कळलं की मशीन नुसतं आणून चालत नाही, ते चालवायला शिकलेला डॉक्टर लागतो, 1994 च्या गर्भलिंग निदानाच्या कायद्याखाली सेंटरचं रजिस्ट्रेशन लागतं, आणि यातलं काहीच पीएचसीच्या पातळीवर ठरत नाही. म्हणजे चुकीची गोष्ट, चुकीच्या माणसाकडे मागितली होती. तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहितेय. मी रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडची, काजूचं छोटं युनिट चालवते, डॉक्टर-बिक्टर नाही. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

आधी हे कळू दे की कुठला दवाखाना कोणाचा

नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. आपल्याला सगळं "सरकारी" दिसतं, पण आत दोन वेगळी घरं आहेत. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे पीएचसी ही जिल्हा परिषदेची. तिथे वरती तालुका आरोग्य अधिकारी म्हणजे टीएचओ, त्यांच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी म्हणजे डीएचओ, आणि त्यांच्यावर झेडपीचे सीईओ. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय ही मात्र जिल्हा शल्य चिकित्सकांकडे, ज्यांना आपण सिव्हिल सर्जन म्हणतो. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे टेक्निशियन नाही अशी तक्रार तुम्ही टीएचओंना दिलीत तर ते फार तर ते पत्र पुढे पाठवतील, त्यांच्या हातात ते नाहीच. मेडिकल कॉलेज म्हणजे तिसरंच घर, वैद्यकीय शिक्षण खात्याचं.

आणि एक गंमत ऐका, आपला महसूल विभाग कोकण, आयुक्त कोकण भवनात बेलापूरला, पण आरोग्याचं मंडळ रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी कोल्हापूर. उपसंचालक साहेब घाटावर बसतात. रायगडवाल्यांचं वेगळं, ते ठाण्याकडे. मी एकदा बेलापूरला पत्र पाठवून सहा महिने वाट बघत बसले होते.

आता समित्या. गावात असते ग्राम आरोग्य, स्वच्छता, पाणीपुरवठा व पोषण समिती, एवढं मोठं नाव आहे की लोक नुसतं "आरोग्य समिती" म्हणतात. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं त्याच्याबरोबर या आल्या, आणि वर्षाला गावामागे 10,000 रुपये अबंधित निधी ठरला. अबंधित म्हणजे गावाने ठरवून खर्च करायचा. पीएचसीला आणि मोठ्या रुग्णालयांना रुग्ण कल्याण समिती, म्हणजे दवाखान्याच्या कारभारावर नजर ठेवणारी, तिचा सचिव सहसा मेडिकल ऑफिसर. आता काही ठिकाणी "जन आरोग्य समिती" हे नाव ऐकू येईल, उपकेंद्राचं आयुष्मान आरोग्य मंदिर झालंय तिथे ही असते आणि तिथे अध्यक्ष सरपंच. तुमचं नाव नक्की कशावर आहे ते आधी डॉक्टरांना किंवा ग्रामसेवकांना विचारून घ्या, लाजू नका, आमच्या समितीतल्या एका काकांना चार वर्षं वाटत होतं की ते तंटामुक्तीवर आहेत.

मग वही. मोबाईल नको, वही

सोनोग्राफीनंतर मी गप्पच बसले होते. मग एक दिवस पीएचसीच्या बाहेर बाकावर आमच्या वाडीतली काकी भेटली, गुडघ्याला हात लावून बसलेली, दार बंद. म्हणाली, "डाक्टर हाय तवा एस्टी नाय, आन एस्टी हाय तवा डाक्टर नाय." मी घड्याळ बघितलं, पाऊण वाजत आलेला. ओपीडी साडेआठ ते साडेबारा. आमच्या वरच्या वाड्यांकडून येणारी एसटी तिठ्यावर पोचते बारा चाळीसला. मधे दहा मिनिटं. काकी तशीच चार वाजेपर्यंत बसणार, मग तपासून घेणार, आणि तोपर्यंत परतीची गाडी गेलेली, म्हणजे दीडशे रुपये रिक्षाला किंवा कोणाच्या तरी बाईकवर मागे.

त्या दिवशी मी काजूच्या हिशोबाची वही उलटी करून मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली. तारीख, वेळ, किती माणसं बंद दारावरून परत गेली, कुठल्या वाडीची, बाई की बाप्या, अंदाजे वय. मी रोज जाऊ शकत नव्हते म्हणून तिठ्यावरच्या टपरीवाल्या दादाला सांगितलं, तो खडूने फळीवर रेघा मारायचा आणि मी संध्याकाळी येऊन वहीत उतरवायचे. चार आठवडे केलं. 61 माणसं परत गेलेली किंवा चारपर्यंत ताटकळलेली, त्यातली निम्म्याहून जास्त बाजाराच्या दिवशी, आणि बहुतेक साठीच्या पुढची, बीपी आणि साखरेच्या गोळ्यांवाली.

पुढच्या मीटिंगमध्ये मी फक्त ते पान वाचलं. भाषण नाही, "जनतेचे हाल" नाही. आणि म्हटलं की बाजाराच्या दिवशी केसपेपर एक वाजेपर्यंत द्यावा, बाकीचे दिवस आहे तसं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, अहो मग हे आधी का नाही सांगितलं, मी एकपर्यंत इथेच असते, रजिस्टर भरत असते, फक्त केसपेपरची खिडकी बंद होते. त्याच मीटिंगमध्ये झालं! शून्य रुपये खर्च. मॅडमनी टीएचओंना नुसतं कळवलं.

तेव्हापासून माझा नियमच आहे, जे मोजलं नाही ते मागायचं नाही. तुम्ही नवीन असाल तर पहिले तीन महिने काही मागूच नका, नुसतं मोजा. काय मोजायचं तर जे डोळ्यांना दिसतं ते. बाहेरच्या औषधाची चिठ्ठी किती जणांना मिळाली आणि कुठल्या औषधाची (15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, औषध सगळं मोफत आहे, त्यामुळे ही नोंद फार कामाची). लाईट किती वेळा गेली आणि इन्व्हर्टर किती वेळ टिकला. 108 ला फोन केल्यापासून गाडी दारात यायला किती मिनिटं लागली. गरोदर बाईला बाळंतपणानंतर घरी सोडायला गाडी मिळाली का, कारण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून येण्या-जाण्याची गाडी, जेवण, औषध हे सगळं फुकट आहे, आणि आणायची गाडी मिळते पण सोडायची विसरली जाते, निदान आमच्याकडे विसरली जायची. फक्त पेशंटचं नाव आणि आजार वहीत लिहू नका, ते आपलं काम नाही, आणि गावात वही कोणाच्या हातात पडेल सांगता येत नाही.

मोजण्याची ताकद किती असते त्याचं कोकणातलंच उदाहरण सांगते. महाडकडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, तरुणपणी बिरवाडीच्या पीएचसीत होते, विंचू चावून माणसं मरायची तेव्हा ते पेशंटच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, सगळं लिहून ठेवायचे, त्यातून पुढे प्राझोसिनची गोळी विंचवावर चालते हे त्यांनी जगाला दाखवलं. 2022 ला पद्मश्री मिळाली. आपण काही डॉक्टर नाही पण वही तर तीच आहे ना.

वाडी चालून बघा, तीही पावसात

मे महिन्यात सगळ्या वाड्या जवळ असतात. सडा, म्हणजे कातळाचं पठार, ओलांडला की पोचलो. खरं अंतर जुलैत कळतं, पऱ्याला म्हणजे ओढ्याला पाणी आलं, त्यावरच्या साकवाची म्हणजे लाकडी पुलाची एक फळी गेली, की तीच वाडी दुसऱ्या तालुक्यात गेल्यासारखी होते. सरकारी नियम लोकसंख्येवर आहे, साध्या भागात 30,000 ला आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात 20,000 ला एक पीएचसी, उपकेंद्राला 5,000 आणि 3,000. आपली गावं आठ-दहा वाड्यांत विखुरलेली, निम्मी घरं कुलूपबंद, माणसं मुंबईत, त्यामुळे लोकसंख्येच्या हिशोबात आपण नेहमी कमीच पडतो. म्हणून आपलं म्हणणं मिनिटांत मांडायचं.

मी आणि आमची आशाताई एका जुलैत वरच्या वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत चालत आलो, घड्याळ लावून. उन्हाळ्यात पंचवीस मिनिटं लागतात, त्या दिवशी एक तास दहा मिनिटं लागली आणि आम्ही दोघी धडधाकट, डोलीत पेशंट नाही. तो आकडा लिहिला. मग नवीन उपकेंद्र मागितलं का? नाही मागितलं, मिळणार नव्हतं. आम्ही एवढंच सुचवलं की जून ते सप्टेंबरमध्ये ज्यांची तारीख आहे त्या गरोदर बायांची यादी मे महिन्यातच वाडीनिहाय तयार व्हावी, आणि ज्यांच्या वाडीला साकव आहे त्यांनी तारखेच्या पंधरा दिवस आधी रस्त्यालगतच्या नातेवाईकांकडे यावं, त्यासाठी आशाताईने आणि सिस्टरनी सासूशी बोलावं (हो, सासूशीच, सुनेशी बोलून काही होत नाही). यादी आशाताईकडे असतेच, फक्त ती या नजरेने कोणी बघितली नव्हती. साकवाचं पत्र वेगळं, ते बांधकाम खात्याकडे, आणि ते अजून चालूच आहे, विचारू नका.

चालताना अजून एक दिसेल. आंब्याच्या बागेत नेपाळी राखणदार, बंदरावर परगावचे खलाशी, त्यांची बायकापोरं पत्र्याच्या खोलीत. ही माणसं ग्रामसभेला येत नाहीत, मतदार नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी कोणी बोलत नाही. लसीकरणाच्या दिवशी त्यांच्या पोरांना बोलावणं गेलं का एवढं विचारलंत तरी खूप.

आपल्याकडच्या आजारांचं कॅलेंडर

समितीत बसून डेंग्यू डेंग्यू सगळेच करतात. आपल्याकडे लावणीच्या दिवसांत लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप असतो, उंदराच्या मुताने खराब झालेलं पाणी, चिखलात अनवाणी पाय, पायाला भेग. गोळ्या कोणाला किती द्यायच्या ते डॉक्टर ठरवतील, पण त्या लावणी सुरू व्हायच्या आधी पोचल्या का हे विचारणं आपलं काम. श्रावणात आलेल्या गोळ्यांचा काय उपयोग. सिंधुदुर्गात दोडामार्ग, सावंतवाडीकडे 2016 पासून माकडताप आहे, तो गोचिडीमुळे आणि मुख्यतः काजूच्या हंगामात, म्हणून तिकडच्या समित्यांनी डिसेंबरातच विषय घ्यायचा आणि रानात माकड मेलेलं दिसलं की वनखात्याला आणि पीएचसीला कळवायचं ही गोष्ट प्रत्येक वाडीत पोचवायची.

साप-विंचू तर आपल्या पाचवीलाच पुजलेले. मे अखेरीस एक साधा प्रश्न मीटिंगमध्ये विचारा, सर्पदंशाची लस आहे का, किती व्हायल आहेत, एक्सपायरी कधीची, आणि रात्री ज्या फ्रीजमध्ये किंवा कपाटात ती असते त्याची चावी कोणाकडे असते? शेवटच्या प्रश्नावर आमच्याकडे दोन मिनिटं शांतता होती. चावी फार्मासिस्टच्या खिशात, आणि ते राहायला तालुक्याला! ती लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर चालते आणि फुरसं आपल्या सड्यावर दगडागणिक आहे, तर चावी पीएचसीतच पाहिजे ना. दुसऱ्या दिवसापासून एक चावी लेबर रूमच्या ड्युटी सिस्टरकडे राहायला लागली. विंचवाच्या प्राझोसिनचंही असंच विचारून घ्या.

पत्र कसं लिहायचं

एका पत्रात एकच विषय, हे पहिलं. आम्ही एका पत्रात पाण्याची टाकी, कंपाउंड, रिक्त पद आणि कुत्री असे चार विषय घातले होते, ते पत्र चार टेबलांवर फिरलं आणि कुठेच थांबलं नाही.

वरती ज्याच्या हातात आहे त्याचं पद. नाव नको, साहेब बदलतात. मग विषय एका ओळीत. मग वहीतला आकडा, कधीपासून कधीपर्यंत मोजला ते. मग तुम्हाला काय सुचवायचंय ते, शक्यतो दोन पर्याय, एक बिनखर्ची आणि एक खर्चाचा, आपल्याला हवा असतो तो बहुतेक वेळा बिनखर्चीच असतो पण दुसरा असला की साहेबांना पहिल्यावर सही करणं सोपं जातं (हे मला एका रिटायर हेडक्लार्कने शिकवलं, देव त्याचं भलं करो). खाली प्रत माहितीस्तव कोणाला. दोन प्रती घेऊन जायचं, एक आवक विभागात द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा. "ठेवून जा, मी बघतो" म्हटलं तरी शिक्क्याशिवाय हलायचं नाही. पोच नाही तर पत्र दिलंच नाही असं समजा.

ग्रामसभेचा ठराव जोडलात तर वजन वाढतं. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ग्रामसभा ठरलेल्या. कोरम मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल ते. विषय आधीच विषयपत्रिकेवर घ्यायला लावा, "आयत्या वेळचे विषय" मध्ये आला की तोवर अर्धी सभा झेंड्याचे फोटो घेऊन घरी गेलेली असते. सूचक-अनुमोदक आधी ठरवून ठेवा, आणि अनुमोदक शक्यतो दुसऱ्या पार्टीचा, म्हणजे ठराव कोणा एकाचा राहत नाही. कोकणात हे किती महत्त्वाचं ते मी सांगायला नको.

वेळ पण महत्त्वाची. ज्याला पैसे लागणार आहेत ते मार्चमध्ये मागू नका, मार्चला फक्त असलेले पैसे संपवायची घाई असते. पुढच्या वर्षाच्या आराखड्यांची जुळवाजुळव दिवाळीच्या आसपास सुरू होते, तेव्हा टीएचओ ऑफिसात तुमचं पत्र फायलीत असलं पाहिजे. गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा मुंबईकर मंडळाबरोबर बसून घ्या, त्यांच्यात कोणी ना कोणी मंत्रालयात, पालिकेत, हॉस्पिटलात असतोच, आणि ते वर्गणीतून वॉटर कूलर द्यायला एका पायावर तयार असतात, त्यांना सांगा कूलर नको, लेबर रूमच्या इन्व्हर्टरची बॅटरी द्या. पावती रुग्ण कल्याण समितीच्या नावाने, नोंद स्टॉक रजिस्टरला. कोणाच्या हातात रोख देऊ नका.

डॉक्टरशी कसं वागायचं

हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. मेडिकल ऑफिसर आपला शत्रू नाही. त्याला रात्री पोस्टमॉर्टेमला जावं लागतं, दिवसा ऑनलाईन माहिती भरावी लागते, दोन पदांपैकी एक रिक्त असलं की दुसऱ्याला सुट्टीच नाही. मीटिंगच्या दोन दिवस आधी जाऊन त्यांना वही दाखवा. सगळ्यांसमोर अचानक आकडा काढलात तर माणूस बचावाला उतरतो, आणि मग तुमचा मुद्दा बरोबर असला तरी बुडतो. कित्येकदा जे आपण सुचवतो ते डॉक्टरांना स्वतःला वरती सांगायचं असतं पण नोकरीत असल्यामुळे सांगता येत नाही, "समितीची मागणी आहे" म्हणून ते लिहू शकतात. आमच्या पीएचसीतल्या डॉक्टरांच्या क्वार्टरच्या गळक्या छपराचं पत्र असंच गेलं. डॉक्टर मॅडम त्या क्वार्टरमध्ये राहायला आल्या आणि रात्री डॉक्टर नसण्याचा प्रश्न आपोआप अर्धा सुटला, बायोमेट्रिक हजेरी लावून सुटला नव्हता.

आणि सिस्टर, आशाताई, शिपाई मामा यांना मीटिंगमध्ये बोलतं करा. खरी माहिती त्यांच्याकडे असते. आशाताई साहेबांसमोर बोलणार नाही, तिला बाहेर चहाला विचारा.

उत्तर आलं नाही तर

येणार नाही, धरूनच चाला. महिन्याने आवक नंबर घेऊन जा, फोन नको, प्रत्यक्ष जा. परत महिन्याने. मग लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस, जिल्ह्याला महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, किंवा आपले सरकार पोर्टलवर तक्रार. तरीही काही नाही तर माहितीचा अधिकार, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांत, आणि "का केलं नाही" असं विचारायचं नाही. "आवक क्रमांक अमुक या पत्रावर केलेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी" असं विचारायचं. 30 दिवसांची मुदत असते. पण माझं ऐकाल तर हे शेवटचं. पहिल्याच महिन्यात आरटीआय टाकणाऱ्याला ऑफिसात चहा मिळत नाही, आणि चहा मिळणं हे या कामात खूप उपयोगाचं असतं.

इतिवृत्त मात्र सोडू नका. मागच्या मीटिंगचं इतिवृत्त वाचून कायम केल्याशिवाय पुढचा विषय घ्यायचा नाही, आणि प्रत्येक विषयापुढे कोण करणार, कधीपर्यंत, हे दोन शब्द लिहून घ्यायचेच. आमच्याकडे आधी नुसतं "चर्चा करण्यात आली" असायचं. सगळ्यावर चर्चाच.

त्या फोनवाल्या मुलाचं सांगायचं राहिलं. परवा त्याने वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला व्हॉट्सअपवर. शनिवार, बारा पन्नास, सात जण परत. मी त्याला लिहिलं, वाडी पण लिही, आणि वय. लगेच उत्तर आलं, वय विचारलं की आज्या चिडतात. मी म्हटलं मग विचारू नकोस, अंदाजाने लिही, आणि पेन्सिलने नको, पेनाने लिही.